निरंक

आचऱ्याच्या किनाऱ्यावरून दोन घमेली वाळू आणली,
पण ती ओली.
या गावात कोरडं असं काही मिळतच नाही:
खडू ओला, वह्या ओल्या,
आगपेटीची काडी तीनदा घासावी लागते.
आणि आरोंदेकर बाईंना हवी होती सुकी वाळू,
"ठणठणीत सुकी, मोंडकर. सोडियम पेटलाच
तर ओल्या वाळूने विझत नाही, चेकाळतो."

म्हणून पोषण आहाराच्या कढईत भाजायला घेतली.
द्रौपदीकाकी उलथनं रोखून म्हणाली,
"आज पोरांका रेवेची खिचडी काय रे?"
मी हलवत राहिलो, शेंगदाणे भाजताना हलवतात तशी.
तळहाताला दमटपणा लागेनासा झाला
तेव्हा लाल बादलीत ओतली. वर झाकण.

आदल्या संध्याकाळी
बाईंनी सगळा प्रयोग रिकाम्या बाकांपुढे केला.
पहिल्या वर्षी मला हसू आलेलं:
समोर कुणी नाही, आणि बाई सांगतायत,
"मागे सरका. अजून एक बाक मागे."
आता मीच पोरगा होऊन बसतो,
शेवटच्या बाकावर, खिडकीकडे,
जिथून खोड्या निघतात.
"बाई, हितून काचेच्या कडेनं परात उघडी दिसता."
काच म्हणजे भंगारात गेलेल्या ट्रॉलरचं जाड तावदान,
दाऊद मेस्त्रीने चौकटीत बसवून दिलेलं.
ते चार बोटं डावीकडे सरकवलं.
सरकवून पुन्हा बसून बघितलं.

मग दहावी ब.
बाटलीत रॉकेल, रॉकेलात तो.
बाईंनी चिमट्याने काढला, टिपकागदावर टिपला,
कोरड्या सुरीने कापला; शिजलेलं सुरण कापावं तसा.
आत ताज्या बांगड्याच्या पोटाची चमक,
जी बघता बघता मंदावली,
गिऱ्हाईक न मिळालेल्या बांगड्यासारखी.
उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा.
पाण्यात आधीच दोन थेंब टाकलेले,
ज्यांचं नाव बारा वर्षांत
मला एका दमात घेता आलेलं नाही.

सुर्रर्र.
गोल होऊन पळाला, काठाला आपटला, वळला,
मागे गुलाबी रेघ सोडत,
आणि संपला.

एक क्षण काही नाही.
मग मागून कुणीतरी, "बाई, वायच मोठो घाला!"
आणि सगळा वर्ग, "मोठो! मोठो!"
रापण ओढताना निघतो तो सूर.
बाईंनी चष्मा काढला नाही.
सूर उतरेपर्यंत बाटलीचं बूच घट्ट धरून
उभ्या राहिल्या. म्हणाल्या,
"लहान तुकडा दिसतो.
मोठा नुसता ऐकू येतो."

कस्तुरी तांडेलने हात वर केला.
तिचा बाप चार दिवस समुद्रात होता.
"बाई, मिठात पण ह्योच ना?
मगे दर्याक कित्याक आग लागणा नाय?"
बाई म्हणाल्या, मिठातल्या सोडियमने
जे गमवायचं ते कधीच गमावलंय,
आता त्याला कसली घाई नाही.
कस्तुरी जरा थांबली.
"म्हणजे दर्यो आधीच जळान बसलो."
"जवळजवळ," बाई म्हणाल्या,
आणि फळ्याकडे वळल्या, पण लिहिलं काहीच नाही.

सगळे गेल्यावर उरलेले कण स्पिरिटमध्ये सोडले.
बुडबुडे थांबेपर्यंत दोघं बसलो, न बोलता.
खिडकीतून लिलावाचा आवाज येत होता.
मी रजिस्टर उघडलं.
वापर: एक तांदूळ.
बाईंनी ते खोडून मिलिग्रॅम लिहिले.
शेवटचा रकाना, अपघात वा नुकसान, माझा:
निरंक.

बारा वर्षं हा एकच शब्द लिहितोय.
त्याच्या टिंबावर अजून जरा वेळ रेंगाळतो पेन.

वाळू तशीच, बादलीभर, हात न लागलेली.
झाकणाखालीसुद्धा तिला ओल येणारच.
पुढच्या सोमवारी परत भाजायची.
काकीला आजच सांगून ठेवलं,
कढई रिकामी ठेव.